उशिराच्या वाढदिवसाचे पोर

मृगाचा पाऊस आणि शाळेची घंटा आपल्याकडे बरोबरीनेच येतात. ७ जूनच्या आसपास मृग निघतो आणि त्याच महिन्याच्या मध्याला शाळा उघडते. घरातल्या कर्त्या माणसाचे डोके तेव्हा बियाण्यात आणि खतात असते. तेवढ्यात चुलीपुढून प्रश्न येतो, "धाकट्याला यंदा पहिलीत घालायचा का हो?" कर्ता म्हणतो, "घाल की, शेजारचा जातोयच." आणि एवढ्या दोन वाक्यांत पोराच्या पुढच्या बारा वर्षांची घडी बसून जाते. बैल घ्यायचा तर आपण चार बाजार हिंडतो, दात बघतो, चालवून बघतो. इथे मात्र शेजारचा जातो एवढे पुरते.

ज्याचा जन्म संक्रांतीपासून आखाडापर्यंतचा, त्याचे काही अडत नाही. जूनमध्ये त्याची सहा वर्षे भरलेली किंवा भरत आलेली असतात. प्रश्न आहे तो दिवाळीच्या पुढेमागे, कार्तिक-मार्गशीर्षात जन्मलेल्या लेकराचा. शाळा उघडते तेव्हा ते साडेपाचचे असते. घालावे तर लहान वाटते, ठेवावे तर वर्ष फुकट गेले असे लोक म्हणतात.

आधी नियम सांगतो, कारण गावात त्याबद्दल चार तोंडी चार गोष्टी चालतात. पूर्वी आपल्या राज्यात पाच वर्षे भरली की पहिलीत घेत. २०१५ च्या सरकारी निर्णयाने ही अट टप्प्याटप्प्याने सहा वर्षांवर नेली. मग सहा वर्षे कोणत्या तारखेला मोजायची, हा वाद राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये ठरले की २०२१-२२ पासून ३१ डिसेंबर ही तारीख धरायची. म्हणजे त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्याला सहा पुरी होतात त्याला त्याच जूनमध्ये पहिलीत बसता येते. तरी दाखल करण्याआधी शाळेत यंदाची तारीख विचारून घ्यावी. आता यातला शब्द नीट बघा. बसता येते. बसवलेच पाहिजे असे त्यात कुठे म्हटलेले नाही. फाटक उघडे आहे म्हणून गाडी हाकलीच पाहिजे असे थोडेच आहे?

हा प्रश्न आपल्या आधीच्या पिढीने कसा सोडवला, ते तुमच्या घरातच बघा. आजोबांचा, चुलत्यांचा शाळेचा दाखला पेटीतून काढा. दहातल्या तीन-चार घरांत तरी जन्मतारीख निघेल १ जून. सातारा काय, सांगली काय, साऱ्या महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची एवढी गर्दी आहे की ऐकणाऱ्याला हसू यावे. त्या दिवशी गावोगाव पाळणे हलले होते असे नव्हे. मास्तर वाडीवर पोरे गोळा करायला यायचे. बापाला तारीख ठाऊक नसायची. कोणी सांगायचे कोयनेच्या भूकंपाच्या वेळचा, कोणी बहात्तरच्या दुष्काळातला, कोणी नुसतेच सांगायचे की थोरला बैल घेतला त्या सालचा. शाळा तर जूनमध्ये सुरू होणार आणि पोराचे वय त्या दिवशी भरलेले दिसले पाहिजे. मग मास्तर बोटावर हिशोब करायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. मास्तरांना दोष देण्यात अर्थ नाही. ती लेखणी चालली नसती तर त्यातली कितीतरी पोरे गुरांमागेच राहिली असती.

पण त्या लेखणीची किंमत नंतर भरावी लागली, आणि ती कशी ते समजून घ्या. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. समजा पाटण तालुक्यात त्याच पहाटे एक पोर जन्मले. जून १९७३ मध्ये ते साडेपाचचे होते, पण सहा भरलेले दिसावेत म्हणून मास्तरांनी १ जून १९६७ लिहिले. पोर शिकले, सरकारी नोकरीत लागले. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, म्हणून ३१ मे २०२५ ला त्याला नारळ मिळाला. खऱ्या तारखेने तो ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत खुर्चीवर असता. सात महिन्यांचा पूर्ण पगार एका ओळीत गेला. काहींचे उलटेही झाले, वय कमी लागले आणि ते जास्त दिवस नोकरीत राहिले. दर साल ३१ मे रोजी आपल्या राज्यात सरकारी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची रांग लागते ती या १ जूनमुळेच. आणि नंतर दुरुस्ती करू म्हणाल तर सरकारी नोकरीत त्यालाही मुदत असते, नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

आज ती गरजच उरलेली नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत करायची असते, १९६९ पासूनचा तो कायदा आहे. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच वयाचा पुरावा ठरला आहे. तेव्हा "गुरुजी, दोन महिने पुढेमागे करा की" असे म्हणायला जाऊ नका. एखाद्या लेकराचा दाखला हाताशी नसला तरी शिक्षणहक्क कायदा सांगतो की वयाच्या पुराव्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला मागाहून मिळवा, पण तारीख खरीच सांगा.

जुन्या मास्तरांची दुसरी एक रीत होती ती मला जास्त शहाणपणाची वाटते. पोराला उभे करायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे न्यायला सांगायचे. बोटे कानाला टेकली की पोर शाळेचे झाले. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि हात आखूड. सहाव्या वर्षाच्या सुमाराला हात लांबतात आणि बोटे पलीकडे पोचतात. ही परीक्षा काही अचूक नव्हे. खाण्यापिण्याची आबाळ झालेले पोर सातवे लागले तरी नापास व्हायचे. पण त्यात एक गोष्ट चांगली होती. मास्तर कागदाकडे न बघता पोराकडे बघत होते. आता कागद पक्का झाला, तर आपण पोराकडे बघायचेच सोडून दिले.

आता वर्षाचा फरक म्हणजे काय ते बघू. जून २०२६ च्या पहिलीत जानेवारी २०२० चे एक मूल बसेल आणि डिसेंबर २०२० चे दुसरे. पहिले सहा वर्षे पाच महिन्यांचे, दुसरे साडेपाचचे. तुमच्या-माझ्या वयात अकरा महिने म्हणजे काहीच नाही. पण साडेपाच वर्षांच्या जिवाला ते त्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा आहेत. लागणीचा ऊस आणि अकरा महिन्यांनी लावलेला ऊस एकाच तोडीला धरला तर वजनात काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. आणि त्या दुसऱ्या उसाला कोणी हलक्या जातीचा म्हणत नाही, तो कोवळा आहे एवढेच. वर्गात मात्र धाकट्याला हात वळत नाही, अक्षर रेषेबाहेर जाते, तो बाकावर डुलक्या घेतो, आणि दिवाळीपर्यंत त्याच्यावर शिक्का बसतो, "हे जरा मंदच आहे." शिक्का घरी येतो. घरचे म्हणतात, थोरला हुशार, हा आपला शेतीला. सहा वर्षे न भरलेल्या पोराची वाटणी तिथेच होऊन जाते.

हे नुसते माझे म्हणणे नाही. परदेशांत यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेली मुले पहिल्या काही वर्षांत सरासरीने मागे दिसतात, आणि चुळबुळ्या, लक्ष न देणारी म्हणून त्यांचीच नावे जास्त निघतात. पुढे हे अंतर कमी होत जाते. इंग्लंडात शाळा सप्टेंबरात उघडते, म्हणून तिथे उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलांचा हाच पेच आहे आणि आईबाप एक वर्ष थांबण्याची विनंती करू शकतात. फिनलंडमध्ये तर मूल ज्या वर्षी सात पुरे करते त्या वर्षी शाळा. तो देश काही अडाणी राहिलेला नाही.

पूर्वी आपल्याकडे एक पळवाट होती. "घाल तर खरा, नाही जमले तर पहिली दोनदा करील." आता तसे होत नाही. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे आणि खालच्या वर्गांत मुलाला मागे ठेवता येत नाही. २०१९ नंतर सवलत मिळाली ती पाचवी आणि आठवीपुरती. म्हणजे पहिलीत अक्षर न लागलेले लेकरू दुसरीत जाते, तिसरीत जाते, आणि त्याच्या डोक्यावरून धडे जात राहतात. तेव्हा थांबायचे असेल तर उंबऱ्याच्या अलीकडेच थांबावे, एकदा आत गेल्यावर थांबता येत नाही.

मग सगळ्याच उशिराच्या पोरांना थांबवावे काय? छे. काही लेकरे साडेपाचला चांगली पिकलेली असतात. आपले पोर नीट बघा. त्याला लघवी-परसाकडेचे सांगता येते का आणि एकट्याने उरकता येते का? चड्डीची नाडी, सदऱ्याची बटणे जमतात का? डबा उघडून स्वतः खाते का? आजीने गोष्ट सांगितली तर ती संपेपर्यंत बसते की मध्येच पळते? "आत जा, तांब्या घे आणि काकूला दे," एवढे सांगितल्यावर काकूपर्यंत तांब्या पोचतो का? आई रानात गेली तर चार तास बिनबोभाट राहते का? क ख ग येते की नाही हे मी मुद्दामच विचारलेले नाही. ते शिकवायला शाळा आहे. ज्याला वरचे बहुतेक जमते त्याला खुशाल घाला, मग तो डिसेंबरातला का असेना. आणि अंगणवाडीच्या ताईंना विचारा. त्या तुमच्या पोराला वीस पोरांत बघतात, तुम्ही त्याला एकटे बघता.

गुरुजींनाही विचारा, पण एक लक्षात ठेवा. वाडीवरच्या शाळेचा पट घटला की शिक्षकाची जागा जाते, शाळेवरच गदा येते. म्हणून एकेक नाव गोळा करायला ते धडपडतात, आणि शाळा टिकावी ही त्यांची तळमळ खोटी नाही. फक्त पटावर नाव हवे म्हणून आणि पोर तयार आहे म्हणून, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सरळ विचारा, "गुरुजी, तुमचे स्वतःचे पोर असते तर?" बहुतेक गुरुजी खरे तेच सांगतील.

वाटही बघा. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरी वाडीत शाळा उघडते ती ऐन धारेच्या पावसात. मध्ये ओढा असला तर साडेपाचच्या पोराला रोज खांद्यावर कोण नेणार? कृष्णाकाठच्या गावात ओढ्याची भीती नसेल, पण कारखाने पेटले की रस्त्यावरून उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जातात. सोबतीला तिसरी-चौथीतले भावंड असेल तर गोष्ट वेगळी. जत-आटपाडीकडे वस्त्या विखुरलेल्या, उन्हातली पायपीट लांब. पावणेसात वर्षांचे पाऊल आणि साडेपाचचे पाऊल यांत अशा वाटेवर फार फरक पडतो.

ज्यांचे बिऱ्हाड दिवाळीनंतर उसतोडीला किंवा मेंढरांमागे हलते त्यांच्यासाठी हा प्रश्न दुप्पट अवघड आहे. साडेपाचचे पोर जूनला बसते, चार महिन्यांत कुठे रुळते, आणि कोयत्याबरोबर निघते. उन्हाळ्यात परत येते तेव्हा पाटी कोरी. अशा घरांनी एक तर पोर आजीपाशी ठेवण्याची सोय आधी करावी, किंवा शाळेत हंगामी वसतिगृहाबद्दल विचारावे. तेही नसेल तर निघताना गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवले की पोराला बसवून घेतात. यातले काहीच जुळत नसेल आणि पोर कोवळे असेल, तर एक वर्ष थांबणे बरे.

आता मुलींचे. इथे मला जरा कडक बोलावे लागते. मुलाला थांबवतात ते तो लहान आहे म्हणून. मुलीला कित्येकदा थांबवतात ते धाकटे सांभाळायला कोणी नाही म्हणून, आणि सांगताना तीही लहान आहे असेच सांगतात. असे थांबवणे म्हणजे थांबवणे नव्हे, कामाला लावणे. पुढचाही हिशोब करा. डिसेंबर २०२० ची मुलगी २०२६ ला पहिलीत गेली तर बारावीची परीक्षा देईल तेव्हा सव्वासतरा वर्षांची असेल. २०२७ ला गेली तर सव्वाअठरा. अठरा भरली की घरात पाहुणे यायला लागतात, हे आपण सगळेच जाणतो. ज्या घरात "बारावी झाल्याखेरीज स्थळ बघायचे नाही" हे ठरलेले आहे त्यांनी मुलीला खुशाल वर्षभर मोठी होऊ द्यावे. ज्यांना आपल्या घराचा तेवढा भरवसा नाही, त्यांनी ती तयार दिसताच घालावी. नायगावची सावित्रीबाई आपल्याच सातारा जिल्ह्यातली. तिच्या जिल्ह्यात तरी पोरीचे वर्ष धुण्याभांड्यात जाऊ नये.

मुलांच्या बाबतीत "वर्ष वाया जाईल" ही भीती मोठी. वाया म्हणजे कुठे? तुमच्या गावातली पोरे पहाटे रस्त्याने पळतात ती भरतीसाठी. फौजेत अग्निवीर व्हायला साडेसतरा वर्षे लागतात, पोलीस भरतीला अठरा. सव्वासतराला बारावी झालेला पोरगा पहिलीच्या वेळी वाचवलेले ते वर्ष मैदानाच्या कडेला बसूनच काढतो. तालमीतही वस्ताद वय बघून जोड लावतो, अंगाने कच्चे पोर थोराड्यापुढे टाकत नाही.

थांबायचे ठरले तर ते वर्ष मोकळे सोडू नका. अंगणवाडीत रोज पाठवा. तिथे खाऊ मिळतो, वजन होते, गाणी होतात. मुलाचे सहावे वर्ष मध्येच भरणार असेल तर ताईंशी आणि पहिलीच्या गुरुजींशी आधीच बोलून ठेवा. घरात तर शाळा भरलेलीच असते. शेंगा फोडताना दाणे पाच-पाचने मांडायला सांगा. अंडी मोजू द्या. बाजाराच्या पिशवीतून कांदे एकीकडे, बटाटे एकीकडे करू द्या. ओल्या मातीत काडीने रेघोट्या ओढू द्या, त्याने बोटे वळतात. दसऱ्याला पाटी पुजायची रीत अजून घरोघर आहे, त्या दिवशी त्याच्या नावाची पाटी पुजा. आणि कोणी पाहुणा आला की त्याच्यादेखत "हा राहिला यंदा" असे म्हणू नका. तो नापास झालेला नाही. "हा पुढच्या साली जाणार" असे म्हणा.

एक अडचण राहिलीच. थोरली बहीण शाळेला निघाली की धाकटा दारात लोळण घेतो, मलाही जायचंय म्हणून. घरचे विरघळतात आणि ठरलेले मोडते. लहान वाडीच्या शाळेत गुरुजी बहुधा भले असतात. त्यांना विचारा, आठवड्यातून एखादा दिवस तासभर बहिणीपाशी बसू देतील. पाटी द्या, डबाही द्या. हजेरीत नाव मात्र पुढच्या जूनलाच.